प्रोजेक्टचा विकी लावायचा कसा: आधी काय, मग काय आणि नेमकं कुठे चुकतं

सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या विकीत, म्हणजे टीमने मिळून लिहिलेल्या माहितीच्या पानांत, 'इन्स्टॉलेशन' शोधलं की चार पानं येतात. 'इन्स्टॉलेशन', 'इन्स्टॉलेशन नवीन', 'सर्व्हर सेटअप (हेच वापरा)' आणि कधीच सोडून गेलेल्या कुणाच्या तरी नोट्स. चारांतलं तिसरं पान बरोबर आहे, फक्त त्याची सहावी पायरी 'पहिल्या पानाप्रमाणे करा' अशी आहे. टीममधल्या जुन्यांना हे तोंडपाठ असतं, म्हणून त्यांना ते खुपत नाही. नवीन माणूस तिथेच अडकतो आणि शेवटी चॅटवर विचारतो.

हे निस्तरायला निघालेल्या टीम बहुतेक वेळा सारख्याच वाटेने जातात. आधी टूल बदलतात. मग मोठं झाड काढतात, त्याखाली साठ रिकामी पानं तयार करतात आणि सगळ्यांना सांगतात, "आता भरा." कुणी भरत नाही. काही महिन्यांनी एकाच्या जागी दोन अर्धवट विकी उरतात. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. प्रश्न आधी, ओनर (पान बरोबर आहे की नाही याला जबाबदार असलेला माणूस) त्यानंतर, मग नावं, आणि रचना जवळजवळ शेवटी, असा तो हवा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

शब्दांबद्दल एक: साचा, धूळपाटी (कच्चं लिहायची जागा), पोरकं पान (ज्याकडे कुठूनच लिंक येत नाही ते), पुनर्निर्देशन (एका नावावरून आपोआप दुसऱ्या पानाकडे नेणं) हे मराठी विकिपीडियावर रुळलेले शब्द मी इथे वापरले आहेत. तुमच्या टूलचा मेनू इंग्रजीत असला तरी यातल्या बऱ्याच सोयी तिथे असतात.

## टप्पा १: दोन आठवडे फक्त प्रश्न वेचा

विकीला हात लावू नका. एक साधी शीट उघडा. चॅटवर, मेलवर, मीटिंगमध्ये कुणीही "हे कसं करायचं?", "ते कुठे आहे?", "असं का केलंय?" विचारलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. शेजारी तीन रकाने ठेवा: विचारणारा कोण (नवा डेव्हलपर, टेस्टर, रात्री ड्यूटीवरचा, बाहेरचा वापरकर्ता), उत्तर कुणी दिलं, आणि उत्तर विकीत आधीपासून होतं का.

त्याच्याच शब्दांत, हे मुद्दाम सांगते. "लोकलला लॉगिन केलं की पांढरी स्क्रीन येते" हा प्रश्न शीटमध्ये "ऑथेंटिकेशन कॉन्फिगरेशनविषयक अडचण" असा सुसंस्कृत होऊन उतरला, की पुढे पानाचं नावही तसंच पडतं. पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या माणसाला ते पान जन्मात सापडत नाही.

सगळ्यात बोलका रकाना शेवटचा. उत्तर विकीत असूनही प्रश्न आला असेल, तर ते पान शोधताना सापडत नाही एवढंच त्याचं दुखणं आहे. तिथे नवं पान लिहिलंत तर पाचवं इन्स्टॉलेशन तयार होईल.

तपासणी: एकापेक्षा जास्त वेळा आलेल्या प्रश्नांवर खूण करा. पहिल्या फेरीत फक्त याच प्रश्नांची पानं लिहायची. ज्या पानाने शीटमधल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, ते पान आत्ता नको, मग ते कितीही महत्त्वाचं वाटत असो.

## टप्पा २: विकीत काय येणार नाही ते ठरवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि मग विकी माळ्यासारखा होतो: नको असलेलं सगळं वर.

कोडबरोबर बदलणारी माहिती रिपॉझिटरीतच, म्हणजे कोड ठेवतात तिथेच, राहू द्या. एपीआयचे पॅरामीटर, कॉन्फिगमधल्या सेटिंग, डेटाबेसचे टेबल. कोडच्या दोन-तीन आवृत्त्या एकाच वेळी जिवंत असतात, विकीला मात्र एकच 'आत्ता' कळतो. शिवाय कोड आणि त्याचं वर्णन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घ्यायला पाठवतात त्या विनंतीत) बदललं, तर रिव्ह्यू करणाऱ्याला राहिलेलं वर्णन दिसतं. विकीतलं वर्णन राहिलं, तर ते कुणालाच दिसत नाही.

कोण काय करतंय, कुठवर आलंय, हे टिकेटमध्ये, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत. विकीतलं 'सध्याची स्थिती' नावाचं पान ज्या दिवशी लिहिलं जातं त्याच दिवशी शिळं व्हायला लागतं.

निर्णय मात्र विकीत चालतात. अमुक डेटाबेस का घेतला, तमुक लायब्ररी का सोडली. प्रत्येक निर्णयाचं वेगळं, तारखेसह छोटं पान करा आणि ते नंतर बदलू नका. निर्णय फिरला तर नवं पान लिहा आणि दोघांना एकमेकांच्या लिंक द्या. या पद्धतीला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. काही टीम एडीआर कोडशेजारी ठेवतात, तेही ठीक. दोन्हीकडे मात्र ठेवू नका.

इशारा: पासवर्ड, टोकन, खाजगी की विकीत कधीही नको, 'तात्पुरता' सुद्धा. चुकून पडलाच तर ओळ पुसून भागत नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी जुनी आवृत्ती डेटाबेसमध्ये ठेवतो, डोकूविकी (आणखी एक विकीचं टूल) 'अ‍ॅटिक' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलवर) चालणाऱ्या विकीत ती कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या जुन्या बदलात, असते. आधी पासवर्ड बदला, मग ओळ पुसा.

## टप्पा ३: टूल, पण एका दुपारपेक्षा जास्त नाही

टूलवरचा वाद हा न लिहिण्याचा सर्वांत प्रतिष्ठित बहाणा आहे. टूलला चार प्रश्न विचारा: दोन आवृत्त्यांतला फरक दिसतो का? या पानाकडे कुठून-कुठून लिंक येतात ते दिसतं का? नाव बदलल्यावर जुनी लिंक चालते का? आणि सगळं बाहेर काढून दुसरीकडे नेता येतं का?

तिसऱ्या प्रश्नावर टूलं सगळ्यात वेगळी वागतात. मीडियाविकीत पान हलवलं की जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन राहतं. डोकूविकीच्या मूळ इन्स्टॉलेशनमध्ये नाव बदलायची सोयच नाही, त्यासाठी प्लगिन घालावा लागतो. गिटहबच्या विकीत नाव बदललं की पत्ता बदलतो आणि जुना पत्ता नव्याकडे नेत नाही. कॉन्फ्लुअन्स या टूलमध्ये एका स्पेसमध्ये (पानांच्या एका विभागात) एकाच नावाची दोन पानं होत नाहीत, त्यामुळे 'परिचय' हे नाव पहिल्या येणाऱ्यालाच मिळतं.

ओपन सोर्स प्रोजेक्ट असेल तर गिटहबच्या विकीबद्दल आणखी दोन गोष्टी. तो वेगळ्या गिट रिपॉझिटरीत असतो आणि त्यावर पुल रिक्वेस्ट करता येत नाही, म्हणजे बाहेरच्याला बदल सुचवायला सरळ वाट नाही. आणि प्रोजेक्टला किमान ५०० स्टार (गिटहबवर लोक देतात ती पसंतीची खूण) असतील आणि विकीचं संपादन सगळ्यांना खुलं नसेल, तरच सर्च इंजिनं तो विकी इंडेक्स करतात. लोक गूगलवरून यावेत असं वाटत असेल तर हे आधी बघा.

आहे त्या टूलला चारपैकी तीन जमत असतील तर टूल बदलू नका.

## टप्पा ४: जुन्या पानांची मोजदाद, आणि प्रत्येकाला एक ओनर

सगळ्या पानांची यादी शीटमध्ये घ्या. रकाने: नाव, शेवटचा खरा बदल, किती पानांकडून लिंक येते, ओनर, निकाल. निकाल चारच: ठेवा, दुसऱ्यात मिसळा, संग्रहात टाका, काढा. एका पानाला पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. इथे पान सुधारायला बसलात की संपलं, चाळीसाव्या पानापर्यंत तुम्ही कधीच पोचणार नाही.

'शेवटचा खरा बदल' म्हणजे यादीत दिसणारी तारीख नव्हे. ती तारीख कुणी तरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याची असू शकते. इतिहास उघडून मजकूर शेवटचा कधी बदलला ते बघा.

आता ओनर. टप्पा १ च्या शीटमधला 'उत्तर कुणी दिलं' हा रकाना इथे कामाला येतो. जो माणूस तोंडी उत्तर देत आला आहे, तोच बहुधा त्या पानाचा ओनर. ओनर म्हणजे लेखक नव्हे. लिहील कुणीही. "हे अजून बरोबर आहे का?" असं विचारल्यावर हो किंवा नाही सांगायची जबाबदारी ज्याची, तो ओनर.

इथे तीन गोष्टी नेहमी चुकतात. ओनरच्या जागी 'बॅकएंड टीम' असं लिहिलं जातं, म्हणजे कुणीच नाही. लीडच्या नावावर तीस पानं चढतात, म्हणजे पुन्हा कुणीच नाही. आणि ओनरला न विचारता त्याचं नाव टाकलं जातं, आणि त्याला ते सहा महिन्यांनी कळतं.

ज्या पानाला ओनर मिळत नाही ते संग्रहात जातं. 'पण माहिती चांगली आहे' हा युक्तिवाद ऐकू नका. एका प्रोजेक्टमध्ये असंच एक 'चांगलं' पान आम्ही ठेवलं होतं. त्यातल्या डेटा साफ करण्याच्या कमांडमध्ये सर्व्हरचं नाव थेट लिहिलेलं होतं. पान लिहिलं तेव्हा तो सर्व्हर रिकामा होता, नंतर तोच सगळ्यांचा टेस्टिंगचा सर्व्हर झाला. आठवड्यापूर्वी आलेल्या मुलाने पानाबरहुकूम सगळं केलं आणि टेस्टर लोकांचा तीन दिवसांचा डेटा गेला. मुलाची चूक काहीच नव्हती.

तपासणी: प्रत्येक ओनरला त्याच्या पानांची यादी पाठवा आणि लेखी 'हो' घ्या. 'हो' न आलेली पानं ओनर नसलेली धरा.

## टप्पा ५: नावं

नाव म्हणजे शोधपेटीत माणूस जे टाईप करेल ते. काही करायचं असेल तर क्रियापद असलेलं नाव: 'रिलीज मागे घेणे', 'नवीन मशीनवर प्रोजेक्ट चालू करणे'. माहितीच्या पानाला नाम: 'एरर कोड', 'सर्व्हरची यादी'. 'नवीन', 'जुने', 'फायनल', 'महत्त्वाचे', वर्ष आणि माणसाचं नाव, हे शब्द शीर्षकात येऊ देऊ नका. आवृत्तीचा नंबर फक्त तेव्हाच, जेव्हा दोन आवृत्त्या खरोखर शेजारी चालू असतात.

मराठीत शीर्षकं देणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण हे खड्डे बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडत नाहीत.

पहिला, शुद्धलेखनाचे पर्याय. 'इन्स्टॉलेशन' आणि 'इंस्टॉलेशन' ही विकीच्या लेखी दोन वेगळी पानं. एक रूप ठरवा आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन द्या. दुसरा, न दिसणारी अक्षरं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो: ऱ वापरून, किंवा साध्या र-हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. कोणता कीबोर्ड काय घालतो हे बघायची इच्छा नसेल तर असे शब्द शीर्षकात टाळा. तिसरा, पत्ता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरं होतात. 'सर्व्हर' या शब्दात हलन्त धरून ७ चिन्हं आहेत, म्हणजे कॉपी केलेल्या लिंकमध्ये ६३ अक्षरं. चार शब्दांचं शीर्षक टिकेटमध्ये चिकटवलं की अर्धी स्क्रीन टक्क्यांनी भरते, आणि लांब लिंक मधेच तुटते.

माझ्या मते आतल्या वापराच्या विकीत शीर्षक मराठीत आणि पत्ता छोट्या रोमन अक्षरांत, हे टूलला जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर शीर्षक दोन-तीन शब्दांचंच ठेवा. एकाच विकीत निम्मी शीर्षकं या लिपीत आणि निम्मी त्या लिपीत, हे सगळ्यात वाईट.

## टप्पा ६: पानाचा साचा

रचनेआधी साचा, कारण एक पान नीट झाल्याशिवाय पन्नास पानं कशी लावायची ते कळत नाही. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न घ्या आणि त्याचं एकच पान पूर्ण लिहा. उदाहरणार्थ, 'रिलीज मागे घेणे' या पानावर आधी एवढंच होतं:

> काही अडचण आल्यास आधीच्या आवृत्तीवर जावे. मायग्रेशन झाले असल्यास तेही मागे घ्यावे. त्यानंतर सर्व सुरळीत आहे ना ते पाहावे.

वाचायला काही चुकीचं नाही. रात्री दोनला ते उघडून बघा. आधी कोड मागे घ्यायचा की मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल? मायग्रेशनने कॉलम काढून टाकला असेल तर ते मायग्रेशन मागे घेतल्यावर कॉलम परत येतो, त्यातला डेटा येत नाही, याचं काय? 'सुरळीत' कुठे बघायचं? तेच पान असं झालं (डिप्लॉय म्हणजे आवृत्ती सर्व्हरवर चढवणं, हेल्थ पान म्हणजे सर्व्हर ठीक चालतोय का ते दाखवणारं पान):

> कोणासाठी: रिलीजच्या रात्री ड्यूटीवर असलेल्यासाठी.
> ओनर: (नाव), नसल्यास (दुसरं नाव).
> शेवटचं करून पाहिलं: (तारीख), आवृत्ती (नंबर).
> आधी हातात हवं: डिप्लॉयचा अधिकार, मागच्या आवृत्तीचा नंबर.
>
> १. रिलीजच्या टिकेटमध्ये मायग्रेशन आहे का बघा. त्यात कॉलम किंवा टेबल काढलं असेल तर इथेच थांबा आणि ओनरला फोन करा.
> २. मागची आवृत्ती डिप्लॉय करा. दिसायला हवं: हेल्थ पानावर मागचा नंबर. पाच मिनिटांत दिसला नाही तर पायरी ४.
> ३. स्वतः लॉगिन करून एक ऑर्डर टाका. ऑर्डर यादीत आली की काम झालं. टिकेटमध्ये वेळ लिहा.
> ४. डिप्लॉयच्या लॉगच्या शेवटच्या ओळी टिकेटमध्ये चिकटवा आणि ओनरला फोन करा. पुन्हा डिप्लॉय करू नका.

एका पायरीत एकच काम, त्याखाली 'काय दिसायला हवं', आणि ते न दिसल्यास कुठे जायचं. यातली तिसरी गोष्ट बहुतेक पानांवर नसते, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. ज्या पायरीने काही पुसलं जातं, तिचा इशारा पायरीच्या वर हवा. खाली लिहिलेला इशारा कमांड चालवून झाल्यावर वाचला जातो.

कमांड नेहमी कोडच्या चौकटीत टाका. साध्या मजकुरात ठेवली तर काही एडिटर सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतात आणि दोन हायफनची एक लांब रेघ करतात. कॉपी केल्यावर कमांड चालत नाही आणि का चालत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. सर्व्हरचं खरं नाव कमांडमध्ये लिहू नका. तिथे 'तुमचा-सर्व्हर' असं काहीतरी ठेवा, जे जसंच्या तसं चालवलं तर निरुपद्रवी एरर येईल.

स्क्रीनशॉट कमीत कमी. बटणाचा रंग बदलला की स्क्रीनशॉट खोटा पडतो, आणि तो शोधात सापडत नाही. एरर मेसेजचा स्क्रीनशॉट तर नकोच, मेसेज टाईप करा. लोक तोच शोधणार आहेत.

तपासणी: ते काम कधीही न केलेल्या माणसाला पान द्या आणि शेजारी गप्प बसा. तो थांबला की खूण करा, तोंड उघडू नका. जितक्या खुणा, तितक्या दुरुस्त्या. मग हे पान सगळ्यांसाठी साचा.

## टप्पा ७: आता रचना

सात-आठ पानं या साच्यात झाली की रचना आपोआप सुचायला लागते. दोन पातळ्या पुरतात. टीमच्या नावांवरून भाग पाडू नका, टीम मोडतात आणि जुळतात. कामावरून पाडा: सुरुवात, रोजचं काम, रिलीज, अडचण आली तर, निर्णय.

डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस ही मांडणी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार करते: हात धरून शिकवणारं, एखादं काम पार पाडायला मदत करणारं, संदर्भाला बघायचं आणि कारण समजावणारं. याचे चार फोल्डर करायची गरज नाही. एका पानात दोन प्रकार मिसळू देऊ नका, एवढं पाळलं तरी बरंच काम होतं. 'रिलीज मागे घेणे' या पानात मध्येच आपली रिलीजची पद्धत अशी का आहे यावर तीन परिच्छेद आले, की ड्यूटीवरचा माणूस ते वाचत बसणार नाही आणि त्यामागची चौथी पायरी त्याला दिसणार नाही. ते तीन परिच्छेद वेगळ्या पानावर, खाली एक लिंक.

मुखपृष्ठावर स्वागत, ध्येय, लोगो नको. टप्पा १ मधले सगळ्यात जास्त आलेले प्रश्न, विचारणाऱ्यांच्या शब्दांत, आणि प्रत्येकासमोर एक लिंक. स्क्रीन सरकवावी लागली तर जास्त झालं.

इशारा: रिकामी पानं तयार करू नका. 'लवकरच येत आहे' असं पान उघडणारा पुढच्या वेळी विकी उघडतच नाही. हवं असलेलं पान दाखवायचं असेल तर न लिहिलेल्या पानाची लाल लिंक राहू द्या. मीडियाविकीत अशा हव्या असलेल्या पानांच्या विशेष यादीत ती जमा होते, आणि किती ठिकाणांहून हवी आहे तेही कळतं.

## टप्पा ८: हलवाहलव

सगळा विकी एका शनिवार-रविवारी हलवू नका. एक भाग घ्या, तो पूर्ण करा, मग दुसरा. प्रत्येक पानासाठी क्रम हाच:

१. नवं पान पूर्ण करा आणि दुसऱ्या कुणाकडून करून बघा.
२. जुन्या पानांतलं जे खरंच हवं ते त्यात मिसळा. कुठून घेतलं ते बदलाच्या सारांशात लिहा.
३. जुन्या प्रत्येक नावावरून नव्याकडे पुनर्निर्देशन द्या. मराठी मीडियाविकीत पानाच्या पहिल्या ओळीत '#पुनर्निर्देशन' लिहून पुढे चौकटी कंसांत नवं नाव दिलं की झालं.
४. 'येथे काय जोडले आहे' उघडा आणि जुन्या नावाने आलेल्या लिंक दुरुस्त करा.
५. मग जुनं पान यादीतून बाद.

पाचवी गोष्ट आधी करणं ही इथली ठरलेली चूक. जुनं पान काढून टाकलं आणि नवं अजून अर्धवट, त्याच दिवशी कुणाला तरी ते लागतं.

दुहेरी पुनर्निर्देशनाकडेही लक्ष द्या. 'अ' वरून 'ब', आणि नंतर 'ब' वरून 'क'. मीडियाविकी एकच उडी मारतो, त्यामुळे 'अ' उघडणारा 'ब'च्या कोऱ्या पुनर्निर्देशनावर अडकून राहतो. त्यांची यादी विशेष पानांत मिळते. प्रत्येक भाग हलवून झाला की ती रिकामी करा.

आणि विकीबाहेरच्या लिंक. विकीचा पत्ता पूर्ण रिपॉझिटरीत शोधा: रीडमी, कोडमधल्या कॉमेंट, एरर मेसेज, अलर्टच्या मेसेजमधल्या लिंक, नवीन माणसाला जाणारा मेल. अलर्टमधली लिंक तुटलेली आहे हे अलर्ट वाजल्यावर कळण्यासारखं वाईट काही नाही.

## टप्पा ९: सगळ्यांनी मिळून लिहिताना

छोटी दुरुस्ती थेट करा, विचारू नका. पायरीचा क्रम किंवा अर्थ बदलत असेल तर आधी चर्चा पानावर दोन ओळी आणि ओनरला खबर. बदलाचा सारांश कधीही रिकामा सोडू नका. 'अपडेट' म्हणजेही रिकामाच. 'पायरी ३ मधला पोर्ट बदलला, टिकेट अमुक' एवढं पुरतं. कच्चं लिखाण धूळपाटीवर, म्हणजे आपल्या सदस्यपानाखालच्या उपपानावर.

दोघं एकाच वेळी पान उघडतात तेव्हा टूल काय करतं ते सगळ्यांना माहीत असू द्या. मीडियाविकी वेगवेगळ्या जागचे बदल स्वतः जुळवतो आणि एकाच जागी दोघांनी हात घातला तरच संघर्ष दाखवतो. डोकूविकी पान उघडणाऱ्यासाठी कुलूप लावतो, मूळ सेटिंगमध्ये १५ मिनिटांचं. म्हणून मोठं पान उघडं ठेवून जेवायला जाऊ नका.

पानाला कायमचं कुलूप मात्र शक्यतो नको. मुखपृष्ठ आणि आणीबाणीची दोन-तीन पानं, बस. बाकीच्यांना कुलूप लावलं की लोक चुका सुधारायचं सोडतात आणि स्वतःच्या नोट्स ठेवायला लागतात. तिथूनच चौथं इन्स्टॉलेशन जन्माला येतं.

चूक दिसली पण सुधारायला वेळ किंवा माहिती नाही, यासाठी आर्चविकीची (आर्च लिनक्सच्या विकीची) सवय उचला. तिथे 'कालबाह्य', 'अचूकतेबद्दल शंका', 'यात विलीन करा' असे साचे आहेत, ते त्या-त्या परिच्छेदाच्या डोक्यावर कारणासह लावतात आणि चर्चा पानाकडे लिंक देतात. अख्ख्या पानावर शिक्का मारण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण वाचणाऱ्याला नेमका कोणता भाग जपून वाचायचा ते कळतं.

## टप्पा १०: देखभाल

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, आळीपाळीने एकेकाने. अलीकडील बदल वाचायचे (मीडियाविकीत ही यादी मूळ सेटिंगमध्ये ९० दिवसांची असते, त्यामुळे सुट्टीत राहिलेलं नंतरही बघता येतं), पोरकी पानं कुठे तरी जोडायची, तुटलेली पुनर्निर्देशनं दुरुस्त करायची. बस. यात नवं लेखन नाही.

तीन महिन्यांनी एकदा ओनर आपलं प्रत्येक पान *करून* बघतो आणि तारीख बदलतो. नुसतं वाचून तारीख बदलणं म्हणजे खोटी सही. करून बघायला वेळ नसेल तर जुनी तारीख तशीच राहू द्या, ती निदान खरी असते.

रिलीजच्या टिकेटमध्ये एक ओळ घाला: 'कोणतं पान बदललं? काहीच नाही तर तसं लिहा.' टीम सोडणाऱ्याच्या हँडओव्हरमध्येही त्याच्या पानांचे नवे ओनर लिहून घ्या, आणि हे शेवटच्या दिवशी नको. शेवटच्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

शेवटची तपासणी, आणि ही आजच करा: विकी ज्या सर्व्हरवर चालतो तोच बंद पडला, तर 'सर्व्हर पुन्हा चालू करणे' हे पान कुठे उघडणार? आणीबाणीच्या पानांची प्रत बाहेर ठेवा, ड्यूटीवरच्याच्या लॅपटॉपवर आणि एक छापील. बॅकअपमध्ये काय हवं हे टूलवर ठरतं: मीडियाविकीसाठी डेटाबेस, अपलोड केलेल्या फाइलचं फोल्डर आणि सेटिंगची फाइल, तिन्ही, डोकूविकीसाठी डेटा आणि कॉन्फ ही फोल्डर, गिटवरच्या विकीसाठी पूर्ण क्लोन, म्हणजे इतिहासासकट प्रत. मग तो बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवा आणि चित्र असलेलं एखादं पान उघडा. चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसली, तर अपलोडचं फोल्डर बॅकअपमध्ये आलेलं नाही.